काळ्या मातीवरची कमान

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या शिवारात कालव्याने पाणी आणलं आणि वाटा तोडल्या. उजनी धरणाचा उजवा कालवा पंढरपूरकडून इकडे येतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या. नकाशावर ती निळी रेघ देखणी दिसते. पण ज्याचं घर अलीकडे आणि रान पलीकडे, त्याला ती रोज ओलांडायची असते. ट्रॅक्टरचा पूल असतो, पण लांब. शाळेला निघालेलं पोर, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, गुडघ्यांनी बेजार झालेले आजोबा, यांना ट्रॅक्टरचा पूल नकोच असतो. दोन मीटर रुंदीची पायवाट त्यांना पुरते. फक्त तिचा खांब पाण्यात नको. खांबाला गवत, शेवाळ, झाडपाला अडकतो आणि गाळ काढायच्या यंत्राचीही वाट अडते. म्हणजे वीसेक मीटरची झेप एका दमात घ्यायची.

ही झेप घ्यायचा फार सुंदर मार्ग म्हणजे काँक्रीटची कमान. जी वस्तू ओढली की तुटते, तिच्यातून माणसांचं ओझं अधांतरी पेलणारी वाट तयार होते, याचं मला आजही नवल वाटतं. पण कमान पाहणाऱ्याची नजर बहुधा तिच्या माथ्यावर जाते. खरी कमाल तिच्या दोन टोकांशी, जमिनीत, घडत असते. कमान उभी राहते ती माती तिला उलट रेटते म्हणून. आणि मंगळवेढ्याची माती काळी आहे.

आधी काँक्रीटचा स्वभाव बघू. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा माल घट्ट झाला की चांगलं काँक्रीट चौरस सेंटीमीटरला अडीचशे किलोपर्यंत दाब सोसतं. तेच ओढलं तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तुटतं. दगडाची गतही तीच. आपल्याकडची यादवकाळातली दगडी मंदिरं पाहा. सभामंडपात खांबांची इतकी दाटी का? कारण खांबांवर आडवी ठेवलेली शिळा वाकायला लागली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. तो ताण दगडाला सोसत नाही, म्हणून शिळा आखूड ठेवायची आणि खांब जवळ घ्यायचे. त्या कारागिरांनी याचं गणित कागदावर मांडलं नसेल, पण त्यांच्या हातांना ते पक्कं ठाऊक होतं.

गणित आपण मांडू. समजा २० मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर जाड अशी काँक्रीटची सपाट फळी कालव्यावर आडवी टाकली. आत एकही सळई नाही. तिचं स्वतःचं वजन मीटरला दीड टन. वर माणसांची दाटी झाली तर मीटरला आणखी एक टन धरू. एकूण ओझं ५० टन. या ओझ्याने फळीच्या मधोमध, खालच्या अंगाला, चौरस सेंटीमीटरला चारशे किलोंहून जास्त ताण येतो. काँक्रीट वाकताना पस्तीसेक किलोंना चिरतं. माणसं चढायची वाटच बघायला नको. खालचा आधार काढला की ती फळी स्वतःच्या वजनानेच दुभंगेल.

आता तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच रुंदीची फळी मधोमध ४ मीटर उंच होईल अशी बाकदार ओता. ओझं जवळपास तेच. प्रत्येक टोकाशी कमानीत ४० टनांचा दाब येतो. हा दाब ६,००० चौरस सेंटीमीटरच्या छेदावर पसरला की चौरस सेंटीमीटरला सात किलोही भरत नाही. ताकद अडीचशेची आणि काम सातचं! साहित्य बदललं नाही, वजन फारसं बदललं नाही. फक्त आकार बदलला आणि मोडून पडणारी वस्तू निवांत उभी राहिली.

हा आकार नेमका कुठला, हे शोधायची युक्ती इतकी साधी आहे की ती सापडायला सतराव्या शतकापर्यंत थांबावं लागलं याचंच आश्चर्य वाटतं. दारावर तोरण बांधा. दोन खिळ्यांमध्ये ते आपलं आपण एका बाकात लोंबतं. दोरीला दाब घेताच येत नाही, ती फक्त ओढली जाते. म्हणजे तोरणाचा तो बाक संपूर्ण ओढीचा आहे, त्यात दाबाचा लवलेश नाही. आता तोच बाक जसाच्या तसा उलटा उभा केल्याची कल्पना करा. जिथे ओढ होती तिथे सगळा दाब आला, आणि ओढ कुठेच उरली नाही. काँक्रीटला हवं असतं ते नेमकं हेच.

इंग्रज वैज्ञानिक रॉबर्ट हूक याने हे ओळखलं होतं. १६७५ मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी त्याने आपला शोध छापला, पण अक्षरांचा क्रम विस्कटून, म्हणजे हक्क आपला राहावा आणि गुपितही फुटू नये. १७०३ मध्ये तो वारला. त्यानंतर दोन वर्षांनी ती अक्षरं जुळवून लॅटिन वाक्य प्रसिद्ध झालं. लवचीक साखळी जशी लोंबते, तशीच उलटी करून ताठ कमान उभी राहील, असा त्याचा आशय होता. तोवर माणसाने हजारो कमानी बांधल्या होत्या, आणि बहुतेक उत्तम बांधल्या होत्या. गवंड्यांना उत्तर माहीत होतं. हूकने फक्त त्यामागचा प्रश्न सापडवून दिला.

एक अडचण मात्र तोरणही दाखवतं. त्याच्या एकाच बाजूला जड नारळ अडकवला तर बाक बदलतो, नारळाच्या बाजूला खोल होतो. कमानीला असा आकार बदलता येत नाही. पुलाच्या अर्ध्या भागातच माणसं गोळा झाली, म्हणजे काठाशी उभं राहून कालव्यात काय वाहतंय ते बघणारा घोळका, तर दाबाची वाट काँक्रीटच्या मध्यातून सरकते आणि एका अंगाला थोडी ओढ जन्माला येते. दगडी कमानीत यावर उपाय एकच होता. कमान इतकी जाड आणि जड करायची की माणसांचं ओझं तिच्यापुढे किरकोळ ठरावं. काँक्रीटच्या कमानीत पोलादी सळया घालता येतात, म्हणून ती पातळ राहू शकते. गंमत म्हणजे सळयांनी बांधलेल्या काँक्रीटचा जगातला पहिला पूल पादचारी पूलच होता. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळीकाम करणाऱ्या माणसाने झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली, १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८७५ मध्ये शाझले इथल्या एका वाड्याच्या खंदकावर सुमारे १४ मीटरचा पूल बांधला. कठडे लाकडी ओंडक्यांसारखे दिसावेत असे घडवले. पंधरा वर्षांनी, १८९० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या विल्डेग इथे एका सिमेंट कारखान्याजवळच्या कालव्यावर मोनिएच्या पद्धतीने पादचारी कमान उभी राहिली. गाळा ३७ मीटरांचा, आणि माथ्यापाशी काँक्रीटची जाडी पाव मीटरहूनही कमी. आपल्या मघाच्या हिशेबातल्या पुलापेक्षा जवळपास दुप्पट लांब आणि तरी त्याहून पातळ. त्याच देशात १९३४ मध्ये रॉबर्ट मायार याने विंटरथूरजवळ ट्यॉस नदीवर ३८ मीटरची पादचारी कमान बांधली, तिची जाडी अवघी १४ सेंटीमीटर. वरच्या पायवाटेलाच त्याने ताठपणाचं काम दिलं, त्यामुळे एका बाजूच्या ओझ्याने होणारं वाकणं पायवाट सोसते आणि कमानीला फक्त दाब उरतो. मला जगातल्या सगळ्या पुलांतून एक निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

आता टोकांकडे वळू.

कमानीतला तो ४० टनांचा दाब सरळ खाली जात नाही, तिरका जातो. त्याचे दोन भाग केले तर २५ टन खाली आणि ३१ टन बाहेर, आडवे. म्हणजे दोन्ही काठांना कमान सतत ३१ टनांनी रेटत असते, रात्रंदिवस, माणसं झोपली तरी. माणसं नसतील तेव्हा रेटा कमी, पण तोही सुमारे १९ टनांचा. कमान चपटी केली, उंची ४ ऐवजी २ मीटर ठेवली, तर हाच रेटा दुप्पट होऊन ६२ टनांवर जातो. चढ कमी हवा म्हणून कमान चपटी करावी तर काठ जास्त भक्कम लागतात. उंच ठेवावी तर आजोबांच्या गुडघ्यांची पंचाईत. प्रत्येक पादचारी कमान या दोन गोष्टींमधली तडजोड असते.

जुन्या लोकांनी हा रेटा किती तऱ्हांनी जिरवला आहे! मंगळवेढ्यावर एकेकाळी विजापूरच्या आदिलशाहीचं राज्य होतं. त्याच विजापुरातल्या गोलघुमटाचा, १६५६ मधला, एवढा प्रचंड घुमट बाहेर फाकत का नाही? घुमटाखाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आहेत, आणि त्यांच्यावरचं बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं आहे. त्या झुकलेल्या बांधकामाचं वजन आत ओढतं, घुमट बाहेर रेटतो, आणि दोन्ही एकमेकांना तोलतात. कोल्हापूरच्या पंचगंगेवरचा शिवाजी पूल किंवा सांगलीचा १९२९ मधला आयर्विन पूल यांत कमानींची रांग आहे. तिथे शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना विरुद्ध बाजूंनी रेटतात, त्यामुळे मधल्या खांबांवर आडवा रेटा जवळपास उरत नाही. टोकाच्या दोघींना मात्र काठाचाच आधार. आपल्या कालव्यावरच्या एकट्या कमानीला ना शेजारीण, ना घुमट. तिला फक्त माती आहे.

मंगळवेढ्याची माती म्हणजे ज्वारीची माती. दुष्काळात सरकारी कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ज्वारीचं पीक इथे साधारण पावसाळा सरताना पेरतात. त्यानंतर पाऊस जवळपास नसतोच, तरी थंडीत कणसं भरतात. पाणी कुठून येतं? मातीतून. चांगल्या खोल काळ्या मातीच्या एक मीटर थरात पिकाला घेता येईल असं दीडशे मिलिमीटर पावसाएवढं पाणी सहज साठतं. एकराला सहा लाख लिटर! कुठलं शेततळं नाही, टाकी नाही. पायाखालची जमीनच ते धरून ठेवते.

ही करामत तिच्यातल्या चिकणमातीची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला, आणि तो झिजता झिजता त्यातून मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज तयार झालं. त्याचे पापुद्रे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढे पातळ. शुद्ध स्वरूपात या खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर सातशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो. म्हणजे चिमूटभर खनिजात जवळपास सात गुंठे! पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. म्हणून काळी माती पावसाळ्यात फुगते. ज्वारीची मुळं ते पाणी हळूहळू काढून घेतात, पापुद्रे पुन्हा जवळ येतात, माती आकसते, आणि जमिनीला भेगा पडतात. भेगांतून ओल उडून जाऊ नये म्हणून शेतकरी कोळपणी करतो आणि शेवटच्या कोळपणीने भेगा बुजवतो. ही माती हलते, हे इथल्या शेतकऱ्याला कुठल्याही प्रयोगशाळेआधी माहीत होतं.

ज्या गुणाने मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार केलं, तोच गुण कमानीचा वैरी आहे. पिकासाठी फुगणारी माती पुलासाठीही फुगते. तिचा फुगण्याचा दाब चौरस मीटरला पंधरा-वीस टनांवर जाऊ शकतो, आणि काही ठिकाणी त्याहूनही वर. एकमजली घराचं ओझं याहून कमी असतं, म्हणून काळ्या मातीवरच्या घरांच्या भिंती पावसाळ्यात उचलल्या जातात, उन्हाळ्यात खाली बसतात आणि तिरप्या चिरतात. त्यात कालवा शेजारी. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की काठ भिजतो, बंद झालं की वाळतो. शेत वर्षातून एकदा भिजतं-वाळतं, कालव्याचा काठ अनेकदा.

मग कमानीचं काय होतं? समजा दोन्ही काठ एकेक सेंटीमीटरने बाहेर सरकले, बोटाच्या जाडीएवढेही नाही. ४ मीटर उंचीच्या आपल्या कमानीचा माथा त्यामुळे अडीच सेंटीमीटर खाली येतो. उंची २ मीटर असेल तर ५ सेंटीमीटर. म्हणजे चपटी कमान काठाची हालचाल पाचपट करून माथ्यावर दाखवते. बाक उतरला की रेटा वाढतो, रेटा वाढला की काठ आणखी सरकू बघतात. कमान मोडते ती सहसा काँक्रीट चिरडलं म्हणून नाही. तिचे पाय फाकतात म्हणून ती मोडते.

या मातीशी आपल्या शास्त्रज्ञांनी फार हुशारीने झुंज घेतली आहे, आणि ती गोष्ट हवी तितकी सांगितली जात नाही. काळ्या मातीतून कालवा काढला की त्याचं काँक्रीटचं अस्तर उखडून वर यायचं. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात यावर अभ्यास केला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, आपल्या मुरमासारख्या मातीचा, साधारण मीटरभर थर दाबून बसवला तर खालची काळी माती भिजूनही फारशी फुगत नाही, असं त्यांनी दाखवलं. वरच्या थराचं वजन तिला दाबतं एवढंच याचं कारण नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चिकट थर खालच्या मातीच्या कणांना धरून ठेवतो. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली आणि पुढे ती भारतीय मानकांत आली. मातीला मातीनेच आवर घालण्याचा हा विचार मला फार मोठा वाटतो. त्यात परदेशी यंत्र नाही, महागडं रसायन नाही. लागतो तो मुरूम, पाणी मारून केलेली दाबाई आणि मातीचा स्वभाव ओळखणारा माणूस.

पण हे झालं अस्तराचं. कमानीच्या ३१ टन रेट्याला एवढं पुरत नाही. एक मार्ग म्हणजे काळी माती पूर्ण उकरून खालच्या कठीण मुरमात किंवा पाषाणात पाया न्यायचा. जिथे माती उथळ तिथे तोच उत्तम. जिथे ती खोल, तिथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले खुंट उपयोगी पडतात. जमिनीत गोल भोक पाडायचं, तळाशी ते व्यासाच्या अडीचपट रुंद करायचं, आणि सळया घालून काँक्रीट भरायचं. वरची माती ऋतूंप्रमाणे वरखाली होत राहते आणि खुंट खालच्या, वर्षभर ओल न बदलणाऱ्या थरात रुतून बसतो. उभं ओझं तो छान घेतो. आडव्या रेट्यापुढे मात्र असा सडपातळ खुंट हतबल असतो.

तेव्हा रेटा मातीपर्यंत जाऊच द्यायचा नाही. कमानीची दोन टोकं एकमेकांना बांधून टाकायची, धनुष्याची टोकं दोरीने बांधतात तशी. टोकं बाहेर पळू बघतात, दोरी त्यांना धरते, आणि रेट्याचा निकाल पुलाच्या आतच लागतो. माती फक्त खालचं ओझं घेते. ३१ टनांची ओढ धरायला किती पोलाद लागतं? हिशेबाने २० मिलिमीटर जाडीच्या पाच सळया. चोख काम म्हणून सहा घेऊ, दोन्ही बाजूंना तीन-तीन. वीस मीटर लांबीचं त्यांचं वजन भरतं तीन क्विंटल. जुना गवंडी ज्यासाठी काठावर दगडांचा डोंगर रचायचा, ते काम तीन क्विंटल लोखंड करतं! पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा मी तो दोनदा पडताळून पाहिला होता.

यात आणखी एक फायदा लपलेला आहे. ही दोरी पाण्याजवळ आडवी ताणून चालत नाही, तिला कचरा अडकेल. म्हणून ती पायवाटेच्या पातळीवरच घ्यायची. दोन कमानी पायवाटेच्या दोन्ही अंगांना वर उठतात, त्यांच्यापासून उभ्या दांड्या खाली येतात आणि पायवाट त्यांना लटकते. पायवाट सपाट, एक पायरी नाही. आजोबांचा प्रश्न सुटला, सायकल ढकलत नेणाऱ्याचाही. अशा बांधलेल्या काँक्रीट कमानींचं आपल्या देशातलं भव्य उदाहरण राजमहेंद्रीला आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी तिथे समुद्राजवळ जाते तेव्हा तिचं पात्र अडीच किलोमीटरहून जास्त रुंद होतं, आणि १९९७ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वे पुलाच्या अठ्ठावीस कमानी, प्रत्येकी ९७ मीटरच्या, ते ओलांडतात. तो पूल बांधणाऱ्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. आपल्या जिल्ह्याचा कमानींशी एवढा थेट संबंध आहे, हे शाळेत कुणी सांगायला हवं.

काँक्रीटबद्दल अजून एक सांगायला हवं. ते दगडासारखं दिसतं, पण दगडासारखं स्वस्थ नसतं. १९११ च्या सुमारास फ्रान्समध्ये युजीन फ्रेसिने याने आलिए नदीवर ल व्हर्द्र इथे तीन चपट्या, सत्तर मीटरांच्या आसपास लांबीच्या कमानी बांधल्या. पूल सुरू झाला, आणि काही महिन्यांत कमानींचे माथे खाली येऊ लागले. ओझं वाढलं नव्हतं. सतत दाबाखाली असलेलं काँक्रीट वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी दबत राहतं, हे तोवर कुणी नीट ओळखलंच नव्हतं. फ्रेसिनेने मोजक्या माणसांना घेऊन कमानींच्या माथ्याशी जॅक बसवले, दोन अर्धे दूर सारून माथे पुन्हा उचलले आणि फट काँक्रीटने भरून टाकली. पूल वाचला. त्या धडकीतून शिकलेलं त्याने सोडलं नाही. पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीटला कायम दाबात ठेवायचं त्याचं तंत्र त्यातूनच पुढे आलं, आणि आज आपले बहुतेक मोठे काँक्रीट पूल त्याच तंत्रावर उभे आहेत.

उन्हाचंही तसंच. मंगळवेढ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. काँक्रीटच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक पडला तर दोन्ही टोकं पक्की धरलेल्या आपल्या कमानीचा माथा सुमारे आठ मिलिमीटर वर सरकतो आणि थंडीत परत उतरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पूल वर्षभर असा हलत असतो. म्हणून एका टोकाला थोडी सरकायला जागा ठेवावी लागते. बांधलेल्या कमानीत ती ठेवता येते, हा तिचा आणखी एक गुण.

राहिलं बांधणं. नदीवर कमान बांधणं म्हणजे पुराशी शर्यत, पण कालवा माणसाचा, तो बंद करता येतो. दोन आवर्तनांच्या मधे कालव्याचा तळ कोरडा असतो, आणि सेंटरिंगचे, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे, टेकू थेट त्या तळावर उभे करता येतात, फक्त अस्तराला इजा होऊ नये म्हणून खाली फळ्या टाकायच्या. कमान पूर्ण होऊन ताकद येईपर्यंत तिच्यात काहीच जोर नसतो. तोवर सगळं ओझं टेकू घेतात. बांधकामातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच. संत चोखामेळा याच गावात, मंगळवेढ्याचं गावकूस बांधत असताना भिंत कोसळून त्याखाली गेले, शके १२६० मध्ये, असं परंपरा सांगते. साडेसहाशेहून अधिक वर्षं झाली, तरी अर्धवट बांधकामाखाली आजही मजूरच उभा असतो. त्यामुळे पुलाच्या अंदाजपत्रकात सेंटरिंगच्या ओळीवर कात्री चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

काँक्रीट दोन्ही टोकांकडून एकाच वेळी माथ्याकडे भरत न्यायचं, म्हणजे सेंटरिंगवर एका बाजूचं ओझं पडत नाही. आधी पायवाटेच्या सळया, म्हणजे ती दोरी, जागेवर पक्की झालेली असली पाहिजे. मग गोणपाट टाकून रोज पाणी मारायचं, इथल्या उन्हात तर दिवसातून अनेकदा, कारण सुरुवातीच्या दिवसांत वाळलेलं काँक्रीट पुढे कधीच भरून काढता येत नाही. अठ्ठावीस दिवसांनी टेकू काढायला घ्यायचे, आणि तेही माथ्यापासून टोकांकडे, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे सैल करत. त्या क्षणी कमान पहिल्यांदा स्वतःचं वजन घेते, दोरी ताणली जाते, आणि माथा काही मिलिमीटर खाली उतरतो. तो उतरतो हे बरोबरच आहे. तो किती उतरला हे लेव्हलच्या यंत्राने मोजून, कठड्यावर खूण करून, वहीत लिहून ठेवायचं. पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं, माती फुगलेली असताना, आणि पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा, कालवा कोरडा आणि माती भेगाळलेली असताना. तिन्ही आकड्यांतला फरक उन्हाच्या त्या आठ मिलिमीटरच्या आत राहिला, तर खुंट खालच्या थरात नीट बसले आहेत आणि दोरीने रेटा धरला आहे. फरक दर वर्षी वाढत गेला, तर पहिली कुदळ काठाशी मारायची, माथ्याशी नाही.